कमिशनरचे दात

नांदगाव खंडेश्वर
१२ जून २००३

कुर्बान,

तुला नमस्कार आणि आबेदाभाभींना वेगळा नमस्कार. तब्येत वगैरे विचारत नाही, कारण आज मला फक्त माझंच सांगायचं आहे.

मी घोडा घेतला!

चष्मा पूस आणि पुन्हा वाच. घोडा. फोनच करणार होतो, पण चाळीस वर्षं नाल ठोकून तुझे कान गेलेले. एसटीडीच्या डब्यात उभं राहून मी 'घोडा, घोडा' असा ओरडलो असतो तर लोकांनी धरून अमरावतीच्या डॉक्टरला दाखवलं असतं.

ओमप्रकाश म्हणून एक माणूस आहे. मोठ्या शहरात रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात दहा वर्षं काढली, असं तो म्हणतो. घोडा त्याच्याकडचा. चार वर्षांचा, रेसच्या जातीचा, तांबूस, कपाळावर चांदणी. मी माझी फटफटी दिली आणि घोडा घेतला. घोड्याला तयार करायलाही तोच येणार आहे. पार्बता म्हणाली, "फटफटीले दाना लागत नोता." एवढंच म्हणाली आणि दोन दिवस वांग्याशी बोलली, माझ्याशी नाही.

नाव ठेवलं कमिशनर. अमरावतीत एक आहे, आपल्या गावात नव्हता. आता सकाळी पार्बता ओरडते, "अवो, कमिशनर भुकेले हायेत!" आणि रस्त्याने जाणारा तलाठी दचकतो.

कपाशीने तीन वर्षांत गावाचं काय केलं ते तुला सांगायला नको, पातूरलाही तेच असेल. पारावर माणसं बसतात पण बोलत नाहीत. मी वांगी-भेंडीवाला, माझं कसंतरी चालतं, म्हणून मला त्यांच्यात बसायची लाज वाटायची. आता बघ! संध्याकाळ झाली की पन्नास माणसं माझ्या गोठ्यासमोर. आमच्या शेजारच्या रामरावाने दोन वर्षांत दात दाखवले नव्हते. तो काल हसला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याला माळावर घोड्यांच्या शर्यतीचा पट आहे. वामनरावाची पांढरी घोडी तीन वर्षं पहिली येते. काल पानठेल्यावर तो मिशीत हसला, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दसऱ्याले माहा कमिशनर पळीन. अन् तो नाई पळाला तं मी पळीन!"

तुझा,
देवराव


पातूर
१९ जून २००३

देवा,

तुझं पत्र आबेदाला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. फटफटी देऊन घोडा घेणारा तू वऱ्हाडातला एकटाच असशील. बाकीचे घोडा विकून फटफटी घेतात, म्हणून तर माझा धंदा बसला. तुला माझी दुवा.

तरी दोन गोष्टी ऐक. पहिली, त्याला बैलासारखी सरकी घालू नकोस. तो रवंथ करत नाही, पोट फुगून आडवा होईल. दुसरी, चार वर्षांचा आहे हे कोणी सांगितलं? विकणाऱ्याने! घोड्याचं वय मालकाच्या तोंडात नसतं, घोड्याच्या तोंडात असतं. उघडून दात पाहा आणि मला कळव.

आणि पळायची जबान कशाला दिलीस? शाळेतही तू कबड्डीत हद्दीच्या अलीकडेच पडायचास.

कुर्बान


नांदगाव खंडेश्वर
३ जुलै २००३

कुर्बान,

दात मोजले! रामरावाने कान धरले, मी ओठ वर केला, पार्बताने कंदील धरला. भर दुपारी कंदील कशाला म्हणून रामराव तिच्यावर हसला आणि कमिशनरने त्याची टोपी खाल्ली. अर्धी परत मिळाली.

तर, खाली सहा दात. पांढरेशुभ्र, एका रांगेत, एकही कमी नाही. आपला बैल सहादाती झाला की चार वर्षांचा धरतो. म्हणजे हिशेब बरोबर. ओमप्रकाश खोटं बोलला नाही. आता तू माफी मागायला मोकळा आहेस.

रविवारी त्याला माळावर सोडला. कुर्बान, काय सांगू तुला! आदल्या दिवशी जरा जड पडत होता, पुढचे पाय आखडून चालत होता. ओमप्रकाशने मानेत ताकदीची सुई दिली आणि सकाळी गडी असा उठला की रामरावाची उरलेली अर्धी टोपी पण वाऱ्याने गेली. दर दोन-तीन दिवसांनी सुई लागते म्हणतो. रेसच्या घोड्यांना हे टॉनिक चालूच असतं म्हणे. बाया सुद्धा धुणं टाकून पाहायला आल्या होत्या. सगळं गाव ओरडत होतं, "कमिशनर! कमिशनर!"

वामनराव झाडाआडून पाहत होता. मी पाहिलं.

देवराव


पातूर
१० जुलै २००३

देवा,

माफी राहू दे बाजूला. तू बैलाच्या हिशेबाने घोडा मोजलास.

वासराचे दुधाचे दात इवलेसे असतात, म्हणून ते तुला ओळखू येतात. घोड्याचे दुधाचे दातच एवढे मोठे की बैलवाल्याला ते पक्के वाटावेत. शिंगराला वर्षाच्या आत पुढचे सहा खाली आणि सहा वर येतात. म्हणजे सहा दात पाहून तुला एवढंच कळलं की घोडा जन्मला आहे.

आता नीट पाहा. पक्का दात लांब, पिवळट आणि मुळापर्यंत सारखा रुंद. दुधाचा दात आखूड, पांढरा, हिरडीपाशी बारीक. तू पांढरेशुभ्र लिहिलंस तिथेच मला धाकधूक झाली. माझा अंदाज आहे की तुझा कमिशनर दोन वर्षांचा आहे. कोवळी हाडं आहेत त्याची. त्याला माळावर पळवणं म्हणजे बांबूच्या कोंबाला मांडवाचा खांब करणं.

आणि ती सुई. शनिवारी तो जड चालला कारण त्याला दुखत होतं. सुईने दुखणं थांबलं नाही, फक्त त्याला कळेनासं झालं. कळत नाही म्हणून तो जोरात पळतो, आणि पळतो म्हणून आणखी दुखावतो. गुडघ्याखालच्या नळीवर समोरून उलटा हात ठेव. गरम लागली तर त्याच दिवशी पळवणं बंद कर. त्याला गुरांच्या दवाखान्यात दाखव.

हसण्यावारी नेऊ नकोस, देवा.

कुर्बान


नांदगाव खंडेश्वर
२१ जुलै २००३
(पोस्टकार्ड)

कुर्बान,

तुझं पत्र मिळालं. तू पातूरला बसून इथल्या घोड्याचे पाय तपासतोस, कमाल आहे. ओमप्रकाश म्हणतो जुन्या नालबंदांना नवीन औषधं कळत नाहीत. कमिशनर ठणठणीत आहे. पाऊस बरा आहे. गावाला तीन वर्षांनी एक चांगली गोष्ट मिळाली, तर तुझ्या पोटात का दुखावं? भाभींना नमस्कार.

देवराव


नांदगाव खंडेश्वर
२८ ऑगस्ट २००३

कुर्बान भाऊ,

पार्बताबाईचा रामराम. मी चौथी शिकेल आहो, जशी बोलतो तशीच लिवतो, हसजा नोका. यायले मालूम नाई मी पत्र लिवून राहिली ते.

परवा पोळ्याची खांदशेकनी होती. दोन्ही बैलायच्या खांद्यावर परसाच्या पानानं गरम तूप-हयद लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हनलं. मंग मनात आलं का कमिशनरले काहून सोडाचं? थो बी घरचाच. पन त्याच्या खांद्यावर कोठी जू असते? मी म्हनलं, बैल खांद्यानं कमावते, हा पायानं पयते, त याचे पायच शेकाव.

ओमप्रकाश पोळ्यासाठी आपल्या गावी गेल्ता. चार दिवसापासून सुई नोती. मी पुढच्या पायाले नुसतं पान लावलं, भाऊ, अन् थो थरथरला. पाय वर उचलला. लात नाई मारली. लात मारली असती तं बरं वाटलं असतं. तसंच पाय उचलून, डोकं माह्या खांद्यावर ठेवून उभा राह्यला. पायाची नयी चुलीतल्या लाकडासारखी गरम होती. दुसरा पाय बी तसाच.

याईनं पाह्यलं. म्हने, "त्याले सवय नाई." पन पोळ्याच्या दिवशी साऱ्या बैलायच्या मांगं याले तोरनाखालून नेलं तं हा लंगडत होता. लोकं त्याच्या पायाकडे पाहाले लागले. हे घरी येऊन भिताडाकडे तोंड करून बसले. मी म्हनलं, दात पाहा. ते म्हनतेत, "मले मालूम हाये दात कायचे हायेत. कुर्बानचं पत्र आलं त्याच दिवशी पाह्यले मी. पन लोकायले काय सांगू, पार्बता? आता कोठी हासाले लागले होते."

ओमप्रकाश सोमवारी येईन. आल्याबरोबर सुई देईन. हे त्याले नाई म्हनू शकत नाईत. भाऊ, आमी त्याले आवतन देल्लं. आवतन देल्लेल्या पाहुन्याले सुया कशा टोचाव? तुमी या.

पार्बता


पातूर
१ सप्टेंबर २००३

देवा,

वहिनीवर रागावू नकोस. मी शुक्रवारची नमाज झाली की निघतो, मुक्कामाला तुझ्याकडे. माझ्या आधी हे पत्र पोचावं म्हणून लिहितो, कारण तोंडाने मला हे बोलता येणार नाही.

अडुसष्ट सालची अकोल्याची टांग्यांची शर्यत आठवते? ती काळी घोडी. वळणावर पडली, तिचा पाय मोडला, आणि तू माझ्या शेजारी उभा राहून पोरासारखा रडलास. मी तुला म्हटलं की रस्त्यात खड्डा होता. पस्तीस वर्षं मी हेच सांगत आलो.

खड्डा नव्हता. आदल्या दिवशी मीच तिला नाल ठोकले होते. पाय हातात घेतला तेव्हा नळी गरम लागली. मालकाने माझ्यासमोर तिला गुळातून अफू दिली. माणूस मोठा होता आणि मी पंचवीस वर्षांचा, नवीन नवीन दुकान. मी गप्प बसलो. नाल ठोकले, बिदागी घेतली आणि शर्यत पाहायला तुला घेऊन गेलो.

त्यानंतर हजारो पाय हातात घेतले, पण प्रत्येक पायावर आधी उलटा हात ठेवतो. लोकांना वाटतं ही नालबंदाची पद्धत आहे.

माझ्या येण्यापर्यंत त्याला सुई देऊ देऊ नकोस. ओमप्रकाशला सांग, 'घोडा माझा आहे.' तुझाच आहे ना?

कुर्बान


नांदगाव खंडेश्वर
११ सप्टेंबर २००३

कुर्बान,

तुला एसटीत बसवून दिलं आणि तसाच लिहायला बसणार होतो, पण वांग्याचा तोडा आला. शनिवारी गावासमोर तू कमिशनरच्या तोंडात हात घालून बसला होतास तेव्हा तुझ्यामागे काय चाललं होतं, ते तुला ऐकू आलेलं नाही. तेवढं सांगायलाच हवं.

तू ओरडून म्हणालास, "हे दुधाचे दात हायेत! लेकरू हाये हे!" तेव्हा मागून आमच्या गल्लीतल्या देवीदासची म्हातारी म्हणाली, "अगा माय, मंग यानं रामरावची टोपी दूध समजून खाल्ली का?" तिथून सुरुवात झाली. एक हसला, दुसरा हसला, वामनराव हसला. मी खाली मान घालून उभा होतो की आता माझी अब्रू गेली. आणि रामराव पुढे येऊन कमिशनरच्या गळ्यात पडला. "दोन वर्साच्या पोराले पयवाले निंघालो होतो आपन," म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग हसणारे पण डोळे पुसायला लागले. कुर्बान, मी किती मूर्ख! मला वाटत होतं की गावाला जिंकणारा घोडा हवा आहे. त्यांना फक्त संध्याकाळी कुठेतरी जायला हवं होतं.

तुझं पत्र आल्यापासून मी ओमप्रकाशला सुईला हात लावू दिला नव्हता. तो मागच्या मागे सटकला, ते तुला दिसलं, पण पुढचं दिसलं नाही. माझ्या फटफटीला त्याने वीस किका मारल्या. ती उजवीकडे तिरपी केल्याशिवाय सुरू होत नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्याने घोड्याचं वय लपवलं, मी गाडीचं दुखणं. ढकलत ढकलत स्टँडापर्यंत गेला, मागे गावातली सगळी कुत्री.

तू नाल काढलेस तेव्हा मात्र सगळे जवळ सरकून पाहत होते. चाळीस वर्षं नाल ठोकणारा माणूस पहिल्यांदा काढताना पाहिला, असं पार्बता म्हणाली. काल गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. तेही तेच म्हणाले. हाड मोडलेलं नाही, सूज आहे. वर्षभर पळणं नाही, सकाळ-संध्याकाळ हळूहळू फिरवायचा.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. घरी होतास तेव्हा मी काही बोललो नाही, तूही नाही. खड्डा नव्हता हे मला माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या वळणावर परत गेलो होतो. पायाने सगळा रस्ता चाचपला. वाटलं, कधीतरी तू सांगशील. मग तू सांगेनास आणि मला विचारायची भीती वाटायला लागली. झालं ते झालं. तू तेव्हा गप्प बसलास म्हणून आता बोललास. माझा घोडा त्या काळ्या घोडीने वाचवला असं समज.

देवराव


पातूर
१८ सप्टेंबर २००३

देवा,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा आबेदाने वाचून दाखवलं, कारण मला अक्षर दिसेना. तुझं अक्षर खराब आहे, दुसरं काही नाही.

आता एकच शंका. 'तो नाई पळाला तं मी पळीन.' पानठेल्यावर बोललेलं वाक्य आहे. वामनराव विसरला असेल का?

कुर्बान


नांदगाव खंडेश्वर
७ ऑक्टोबर २००३

कुर्बान,

वामनराव विसरला नव्हता.

दसऱ्याला माळावर चार गावची माणसं. मी कमिशनरला झूल घालून, गळ्यात झेंडूचा हार आणि घुंगरांची माळ घालून हळूहळू चालवत आणला, म्हटलं नुसता पट पाहू दे त्याला. भोंग्यावर नाव पुकारलं, "वामनरावची पांढरी घोडी आणि देवरावचा कमिशनर!" मी जाऊन सांगितलं की माझा घोडा लहान आहे, पळणार नाही. मग वामनराव घोडीवरूनच म्हणाला, "मंग जबान, देवराव?"

मी धोतर खोचलं. पार्बताने कमिशनरच्या गळ्यातली घुंगरांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली. "आता तुमीच कमिशनर," म्हणाली. आणि कुर्बान, मी पळालो! एकसष्टाव्या वर्षी, अनवाणी, घुंगरू वाजवत! घोडी गेली भुर्रकन. ती शेवटापर्यंत पोचून मागे वळली तेव्हा मी पहिल्या खुंटापाशी होतो. लोक अक्षरशः गडाबडा लोळत होते. सगळा माळ ओरडत होता, "कमिशनर! कमिशनर!" बाया पदराने डोळे पुसत होत्या. अर्ध्यात माझा दम गेला, तेवढ्यात मागून टाप, टाप. कमिशनर दोरी सोडवून माझ्या मागे चालत आला होता. पळत नव्हता, चालतच होता, आणि तरी त्याने मला गाठलं. उरलेला पट आम्ही दोघांनी चालत पूर्ण केला.

वामनराव खाली उतरला आणि पहिलं सोनं त्याने मला दिलं. "घोडी तं दरसाल जिंकते," म्हणाला, "असं हासणं तीन सालात झालं नाई." नंतर दोन पानं कमिशनरपुढे धरली, ती त्याने खाल्ली.

गुडघा दुखतो आहे. बाकी मी राजा आहे.

देवराव


नांदगाव खंडेश्वर
१५ जानेवारी २००४

कुर्बान,

तीळगूळ पाठवत आहे. लाडवांच्या मध्ये जी कापसाची पुडी आहे, तिच्यात लाडू नाही, खाऊ नकोस.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी चाऱ्यात सापडला. पांढरा, आखूड, मुळापाशी बारीक. पार्बताने पहिल्यांदा पाहिला आणि ओरडली, तेव्हा अर्धं गाव धावत आलं. रामराव म्हणाला छपरावर फेकू, पोरांचा फेकतात तसा. मी म्हटलं, नाही, हा पातूरला जाईल.

आत बोटाने चाचपलं. नवीन दाताची धार लागते.

देवराव


पातूर
२२ जानेवारी २००४

देवा,

दात पोचला. माझ्या खिळ्यांच्या डबीत ठेवला आहे, सगळ्यात वर. आता दुकानात कोणी कोवळं जनावर घेऊन आला आणि चार वर्षांचं म्हणाला, की मी काही बोलत नाही, डबी उघडतो.

म्हणजे तो आता अडीच वर्षांचा झाला. पुढची जोडी पुढच्या साली पडेल, कोपऱ्यातली त्याच्या पुढच्या. त्यानंतर मी स्वतः येऊन नाल ठोकतो. तोवर माझा हातोडा थांबायला तयार आहे, तुझी जीभ तेवढी थांबव. पानठेल्यावर जबान देऊ नकोस.

गुडघा अजून दुखतो असं वहिनींनी आबेदाला कळवलं आहे. तू लिहिलं नाहीस, लपवलंस. सुई घेऊ नकोस. वहिनींना सांग पळसाच्या पानाने तूप-हळद लावायला, आणि लावताना 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणायला. हसायचं नाही. आणि वर्षभर पळायचं नाही, तुलाही तीच दवा.

फरक एवढाच की त्याचे दात पडले तर परत येतात. तुझे मी तुझ्याकडे आलो होतो त्या शनिवारी मोजले होते, शेवटी तूही हसलास तेव्हा. खाली चार उरले आहेत. जपून हस, पण हस.

कुर्बान